मोडलेलं आणि सरकलेलं

संस्कृती नोकरीला लागून दोन वर्षं झाली, तरी ती नेमकं काय करते हे तिची आई रूपाली हिला शेजारणींना समजावून सांगता येत नसे. "कॉम्प्युटरवर लिहिती," एवढं बोलून ती विषय बदलायची. त्यात रूपालीचाही काही दोष नव्हता. सिडकोतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सहा पोरंपोरी दिवसभर लेख लिहीत बसतात आणि ते लेख कुठल्याच पेपरात छापून येत नाहीत, हे ऐकून कुणीही कपाळाला हात लावावा असंच ते काम होतं. कुणा फरशीवाल्याची वेबसाइट असायची, कुणा दातांच्या डॉक्टरची. तिकडं चिटपाखरू फिरकत नसायचं. मग संस्कृतीनं 'दात किडू नयेत म्हणून काय करावं' असा लेख लिहायचा आणि पन्नास ठिकाणी फुकट वाटायचा. ज्याला हवा त्यानं आपल्या वेबसाइटवर टाकावा. अट एकच, लेखाखालच्या दोन ओळी तशाच ठेवायच्या. त्या दोन ओळींत डॉक्टरचं नाव आणि वेबसाइटचा पत्ता असायचा. वाचणारा तिथून पत्त्यावर पोचायचा, आणि खरोखरच पोचायचा. संस्कृतीचा या कामात चांगला हात बसला होता. ज्या विषयातलं तिला ओ की ठो कळत नसे त्यावरही ती असं काही ठासून लिहायची की वाचणाऱ्यानं मान डोलवावी. याची तिला घमेंडही होती, थोडीशी.

तिचे आजोबा पडेगावात घराच्या ओट्यावर बसायचे. नाव सांडू, लोकांचे सांडूबाबा, तिचे आबा. वय अठ्ठ्याहत्तर. हाडवैद्य. कुणाचा पाय मुरगळला, खांदा निखळला, कमरेत उसण भरली की माणसं त्यांच्याकडं यायची. आबा तेलाचा हात फिरवत गप्पा मारायचे, कोणत्या गावचे, कुणाचे पाव्हणे, आणि माणूस उत्तर द्यायच्या नादात असतानाच कट्‌ असा आवाज यायचा. काम झालेलं असायचं. ओरडायचं होतं हे माणसाला मागाहून आठवायचं.

त्यांच्या बापानं घालून दिलेला एकच नियम होता: सरकलेलं आपलं, मोडलेलं दवाखान्याचं. बोटं फिरवताना आत जरा कुरकुरलं की आबा हात काढून घ्यायचे. मग समोर सरपंच असो नाहीतर सख्खा जावई, ते पुन्हा हात लावत नसत. पन्नास वर्षांत या नियमापायी त्यांनी भांडणं ओढवून घेतली होती, पण कुणाचा हातपाय वाया घालवला नव्हता.

अलीकडं मात्र ओटा ओस पडला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना व्यायामाची यंत्रं लावलेले दवाखाने उघडले, मेडिकलात दुखण्यावर मारायचे फवारे आले. तरी आबा सकाळी अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसायचेच. संध्याकाळी संस्कृती कामावरून आली की विचारायचे, "आज कोणी येऊन गेलं का गं?"

दिवसभर त्याच ओट्यावर बसलेला माणूस हे विचारायचा. एकदा तिनं थाप मारली, "आलं होतं एक जण, आई म्हणाली. तुम्ही जेवत होता."

"मंग थांबवायचं की त्याला," आबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते दुपारी जेवायला आत आलेच नाहीत. ताट ओट्यावर मागवलं.

त्याच आठवड्यात तिनं ठरवलं की आबांची वेबसाइट काढायची. जगभरच्या फरशीवाल्यांना गिऱ्हाईक आणून देणाऱ्या पोरीनं घरच्या माणसाला रिकामं बसू द्यायचं म्हणजे काय! तिनं आबांचा फोटो काढला, फोन नंबर टाकला आणि मनापासून एक लेख लिहिला. नाव दिलं, 'सरकलेलं हाड बसवणारे सांडूबाबा'. महिन्याभरात तो नऊ वेळा उघडला गेला. त्यातले पाच वेळा तिनंच उघडला होता.

ऑफिसचा मालक बासित हा तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, रोशन गेटकडचा, हुशार आणि मनानं चांगला मुलगा. त्यानं लेख वाचून मान हलवली. "संस्कृती, तुला जे सांगायचंय ते तू लिहिलंस. लोग क्या ढूंढ रहे, वो देखा क्या?"

हे ती स्वतःच नव्या पोरांना शिकवत असे. घरचं काम म्हणून विसरली होती. तिनं लोक गूगलवर काय शोधतात ते काढून बघितलं. 'सरकलेलं हाड' शोधणारं कोणी नव्हतंच. 'हाड बसवणे' महिन्याला वीसेक जण शोधत होते. आणि 'मोडलेले हाड ऑपरेशनशिवाय जोडणे' हे शोधणारे हजारोंनी होते. मग शीर्षक बदललं: 'ना प्लास्टर, ना ऑपरेशन! मोडलेलं हाड आणि सांडूबाबांची जादुई बोटं'. मजकुरात औरंगाबादही घातलं आणि छत्रपती संभाजीनगरही घातलं, कारण शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात. शब्द तेवढा शीर्षकात, असं तिनं मनाला बजावलं. आत चौथ्या परिच्छेदात तिनं स्वच्छ लिहिलं होतं की बाबा सरकलेलं, निखळलेलं बसवतात, हाड मोडलं असेल तर दवाखान्यातच जावं. तिच्या लेखी हिशेब मिटला होता.

लेख एकोणपन्नास ठिकाणी गेला. पन्नासावी वेबसाइट आरोग्याची होती, सगळ्यांत जास्त वाचली जाणारी. तिथं तीनशे शब्दांच्या वर लेख घेत नसत. चाळीस शब्द जास्त होत होते. चौथा परिच्छेद बेचाळीस शब्दांचा होता. संस्कृतीनं तो उडवला. एका ठिकाणापुरतंच तर आहे, म्हणून चहा प्यायला उठली.

पंधरा दिवसांत माणसं यायला लागली. आधी एक पाय मुरगळलेली बाई आली, मग खांदा उतरलेला पैलवान, मग लासूर स्टेशनहून आडतीचा एक व्यापारी, मान धरलेला. आबांचा चेहराच पालटला. आवाज चढला, जेवण वाढलं. रूपाली शेजारणींना पहिल्यांदाच नीट सांगू लागली, "माझी संस्कृती लिहिती ना, ते वाचून येत्यात लोकं." संस्कृती संध्याकाळी घरी यायची तेव्हा ओट्यासमोर चपला पडलेल्या असायच्या. त्या चपला बघून तिला जो आनंद व्हायचा तो दोन वर्षांत एकाही पगारानं दिला नव्हता.

मग मोडलेले यायला लागले. गळ्यात हात अडकवलेले, फळीवर पाय ठेवून रिक्षातून उतरवलेले. आबा बोटं फिरवायचे आणि हात काढून घ्यायचे. "मोडलंय. दवाखान्यात जा." माणसं कुरकुरत जायची. कोणी शिव्या देऊन जायचं. दहातले आठ असेच येऊ लागले तेव्हा आबांनी विचारलं, "संस्कृती, तू काय लिवलंयस गं?"

"तुमच्याबद्दल चांगलंच लिहिलंय आबा," ती म्हणाली. तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण ओट्यासमोरच्या चपला डोळ्यांपुढून जाईनात.

एका रविवारी चितेगावहून सखाराम आला. चितेगावच्या एका कारखान्यात तो मशीनवर होता. जिन्यावरून पडून उजवा हात मनगटाच्या वर मोडला होता. सोबत बायको होती, वच्छलाबाई. आबांनी हातावरचं फडकं सोडलं, दोन बोटं टेकवली आणि उचलली.

"मोडलंय. घाटीच्या सरकारी दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता जा."

"घाटीतूनच आलाव बाबा," सखाराम म्हणाला. "रॉड टाकायचा म्हणत्यात. रॉडवाल्या मानसाला मशीनवर कोन ठिवतंय?"

"हात ऱ्हायला तर ठिवत्याल. जा बाबा, येळ नको घालवू."

वच्छलाबाईनं कमरेची पिशवी सोडून मोबाइल काढला. "मंग हे काय हाय? फोटू तर तुमचाच हाय." आणि तिनं एकेक शब्द लावत वाचलं, 'ना प्लास्टर, ना ऑपरेशन'.

"म्या असं कवाच म्हनलो नाय," आबा म्हणाले.

"लिवलंय की इथं!"

संस्कृती आतून धावत आली. "काकू, ते मी लिहिलंय. चुकलंय ते. आबा मोडलेलं बघत नाहीत."

वच्छलाबाईनं तिला वरून खाली न्याहाळलं. "तू कोन यांची?"

"नात."

"मंग आज्याचं खोटं कामून लिवशील तू? आमी लांबून आलाव, ओळख नाय, म्हनून टाळायलेत व्हय?"

खरं लिहिलं म्हणावं तर खोटं, आणि खोटं लिहिलं म्हणावं तर समोरची विश्वास ठेवत नाही. दुसऱ्याला पटवण्याची जिची नोकरी, तिला स्वतःच्याच ओट्यावर एका बाईला एक खरी गोष्ट पटवता येईना. दोघं नवराबायको दुपारपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन परत आले. थोर माणसं आधी नाहीच म्हणतात, धीर धरावा लागतो, अशी त्यांची समजूत झाली होती. शेवटी आबा ओट्यावरून खाली उतरले आणि त्यांनी सखारामपुढं हात जोडले. "लेकरा, पाया पडतो तुझ्या. माझ्यानं व्हायचं नाय हे. घाटीत जा." तेव्हा कुठं ते उठले. वच्छलाबाई जाताना नारळ पुन्हा पिशवीत घालून घेऊन गेली.

आबांनी नातीकडं बघितलं. संस्कृतीनं त्याच दिवशी वेबसाइट बंद केली आणि पन्नास ठिकाणी पत्रं पाठवली, लेख काढून टाका म्हणून. सात जणांनी काढला. एकानं उलट विचारलं, हा लेख तुम्हीच लिहिला कशावरून? तिच्या कुठल्याच लेखाखाली तिचं नाव नसायचं. मग तिनं लेखातलं एक वाक्य गूगलवर टाकून बघितलं, तर पन्नासाचे एकशे तेरा झाले होते. ज्यांना तिनं कधी दिला नव्हता त्यांनीही उचलला होता. आणि बहुतेकांनी उचलला होता तो आरोग्याच्या वेबसाइटवरचा, तीनशे शब्दांचा, चौथा परिच्छेद नसलेला.

ती बासितकडं गेली. त्यानं तिच्यासोबत बसून दोन तास पत्रं लिहिली, फोन केले. शेवटी खुर्ची मागं सरकवून म्हणाला, "नहीं होता. आपणच तर सांगतो ना लोकांना, घ्या, फुकट आहे, वाटा. वाटलेलं परत कसं मागणार?"

वच्छलाबाई दीड महिन्यानं पुन्हा आली, एकटीच. या वेळी ती ओट्यावर बसली नाही, खाली पायरीवर टेकली. आबांनी विचारलं, "कसाय गं मालक तुझा?"

"हात काढला," ती म्हणाली. "कोपराच्या खाली काढला."

रूपालीनं पाणी आणलं. वच्छलाबाई घोट घोट पीत सांगत गेली. इथून गेल्यावर ती दोघं घाटीकडंच निघाली होती. रिक्षात सखारामनं पुन्हा मोबाइलवर बघितलं, तर आणखी एक हाडवैद्य सापडला, दुसऱ्या जिल्ह्यातला. फोन लावला तर तो म्हणाला, या. त्यानं बांबूच्या कामट्या लावून हात करकचून बांधला. तिसऱ्या दिवशी बोटं काळी पडली. तो म्हणाला, औषध लागू पडायलंय, सोडू नका. पाचव्या दिवशी वास यायला लागला तेव्हा दवाखान्यात नेलं.

"तुमी खरं बोलला व्हता बाबा," ती म्हणाली. "पर त्याच्याबी मोबाइलवर तुमच्यावानीच लिवलं व्हतं. शब्दाला शब्द. आमाला वाटलं, दोन दोन ठिकानी येकच गोष्ट लिवली मंजी खरी असंल."

संस्कृतीनं तिच्या हातातून मोबाइल घेतला. तिचंच शीर्षक, तिचीच 'जादुई बोटं'. फक्त सांडूबाबांच्या जागी भलतंच नाव होतं आणि खालच्या दोन ओळी बदलल्या होत्या.

"काकू, हे पण मीच लिहिलंय," ती म्हणाली. "दोन नाहीत ते. एकच आहे."

वच्छलाबाईला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती अंगावर धावून येईल, शिव्याशाप देईल असं संस्कृतीला वाटलं, आणि दिले असते तर बरंच झालं असतं. पण त्या बाईनं तिच्या हातातला मोबाइल घेऊन पिशवीत घातला. मग पदर सावरून उठली. "तुझं लोकं लई वाचत्यात बाई," ती म्हणाली. "आता मंग खरं तरी लिव."

संस्कृतीनं खरं लिहिलं. चार दिवस ऑफिसातलं दुसरं काम हातात घेतलं नाही. नाव दिलं, 'मोडलेलं हाड दवाखान्यातच न्या'. सखारामचं नाव न घेता त्याच्या हाताचं सगळं लिहिलं. हाडवैद्याला हात लावू देण्याआधी एक्स-रे काढाच, मग ते साधं मुरगळणं का असेना, असंही लिहिलं. खाली पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलं. इतकं चांगलं तिनं आजवर लिहिलं नव्हतं. लिहिताना ती रडली, आणि रडून झाल्यावर पुन्हा शुद्धलेखन तपासलं.

पन्नास ठिकाणी पाठवलेला तो लेख सहा ठिकाणी लागला. तीन आठवड्यांत अकरा जणांनी उघडला. जुना लेख तेवढे वाचणारे सकाळच्या चहाआधी मिळवत होता. बासित म्हणाला, "'दवाखान्यात जा' हे कोण शोधायला जातं, संस्कृती? वो तो सबको मालूम है." त्याचं बरोबर होतं. या धंद्यात त्याचं नेहमी बरोबरच असायचं. संस्कृतीनं त्या लेखाची प्रत कागदावर काढून घरी आणली, का आणली ते तिलाही सांगता आलं नसतं. आबांनी तो कागद मागून घेतला. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून, दोन दिवस लावून त्यांनी तो वाचला. घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

वच्छलाबाई येऊन गेल्यापासून आबा ओट्यावर बसत नव्हते. आतल्या खोलीत खाटेवर असायचे. लोक अजूनही यायचे, बाहेरून हाका मारायचे. रूपाली सांगायची, बाबा गावाला गेलेत.

एके दिवशी मात्र हाक बाहेरून आली नाही. शेजारचा शौकत रिक्षावाला थेट घरातच शिरला. कडेवर तीन वर्षांची लेक लाइबा, मागं आमरीन, तिची आई. दोघांनी मिळून पोरीला हाताला धरून झोका दिला होता आणि तिचा कोपर सरकला होता. पोर किंचाळून किंचाळून निळी पडली होती. डावा हात अंगाशी नुसता लोंबत होता.

"बाबा, बघा हो जल्दी," शौकत म्हणाला. "हात वढला गेलाय. मोठीचा बी असाच सरकला व्हता, तुमीच बसवला ना."

आबांनी खाटेवरूनच बघितलं. त्यांना हातही लावायची गरज नव्हती. असले कोपर त्यांनी शेकड्यांनी बसवले होते. तळवा वर फिरवायचा, कोपर दुमडायचा, कट्‌. पोर पुढच्या मिनिटाला बिस्किट मागते. हे संस्कृतीलाही पाठ होतं. ती दारात उभी होती.

आबांनी हात पुढं केला. लाइबाच्या कोपरापासून वीतभर अंतरावर तो थांबला. त्यांनी हात मागं घेतला आणि खिशातून कागद काढला.

"आधी एक्स-रेचा फोटो काढा," ते म्हणाले. "घाटीत न्या."

"बाबा, मोडलं नाय हो! नुस्तं सरकलंय! तुमालाच म्हाईत हाय!"

"मला काय म्हाईत?" आबा म्हणाले. "फोटो काढल्याबिगर हात लावू द्यायचा नाय. आमच्या संस्कृतीनं लिवलंय."

"आबा, हे तुमचं आहे. हे सरकलेलं आहे," संस्कृती म्हणाली. "बसवा ना. मी सांगते, बसवा."

"तूच लिवलंस, आन्‌ आता तूच असं म्हनतीस?" आबा कागद तिच्यापुढं धरून विचारत होते. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. म्हाताऱ्या माणसाला खरोखरच कळत नव्हतं की नातीचं लिहिलेलं धरावं की बोललेलं.

शौकत फार वेळ थांबला नाही. पोर कडेवर घेऊन तो पळतच बाहेर गेला. आमरीन जाता जाता आबांकडं वळून बघून गेली. रिक्षा सुरू झाली. दौलताबाद रस्त्याला लागेपर्यंत लाइबाचं रडणं घरात ऐकू येत होतं.

आबांनी कागदाची पुन्हा घडी घातली.

"बरोबर केलं ना गं म्या?" त्यांनी विचारलं.

"व्हय आबा," संस्कृती म्हणाली.